काजळाची डबी

रविवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास मांडणीतले स्टीलचे पेले एकदाच किणकिणले आणि गप्प झाले. दक्षाचे हात तांदळाच्या पाण्यात होते. पाण्यावर बारीक वळी उठलेली तिने पाहिली, आणि ती वळी पातेल्याच्या कडेला जाऊन मोडायच्या आत तिने ओल्या हातांनीच बाहेरच्या खोलीतून रूपलला उचलून दाराशी आणलं होतं. रूपलच्या हातात अर्धा खाल्लेला चिकू होता. तो दक्षाच्या खांद्याला चिकटला. "मालगाडी असेल," नविन मोरीतून म्हणाला. तोंडात ब्रश असल्यामुळे ते 'मायगाई' असं ऐकू आलं. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या संगीतावहिनी उभ्या होत्या, केस मोकळे, हातात फणी. "मला तर वाटलं आमचे हे घोरतायत," त्या वर पाहून म्हणाल्या, "म्हणून मी पडूनच राहिले. मग बघते तर हे बाजूला नाहीतच, दूध आणायला गेलेले!" आणि त्या हसल्या. दक्षाही हसली. हसताना आपला डावा हात रूपलच्या डोक्यावर छत्रीसारखा धरलेला आहे हे तिला उशिरा कळलं.

मालगाडी कशी हलवते ते तिला पाठ होतं. डहाणूत लग्न होऊन आल्यापासून पाच वर्षं ती याच तिसऱ्या मजल्यावर राहत होती. मालगाडीचा थरथराट खिडकीच्या काचेतून सुरू व्हायचा, पलंगाच्या पायांतून चालत जायचा आणि दूर बोर्डीच्या दिशेने निघून जायचा. त्याला येणं असे, जाणं असे. हे जे पंधरा दिवस चाललं होतं त्याला जाणंच नव्हतं. खालून कोणीतरी एकदा कोपर मारावं आणि मग श्वास धरून बसावं, तसं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालं. तलासरीच्या बाजूला जास्त, इकडे कमी. लोक मोबाइलवर एकमेकांना आकडे पाठवत होते, किती रिश्टर, किती खोल. दक्षाने भूगोल घेऊन बीए केलं होतं. पृथ्वीच्या कवचाची आकृती तिला आजही न बघता काढता आली असती, थरांना नावं देऊन, बाण दाखवून. पण पहिल्या धक्क्याच्या दिवशी रूपलने विचारलं होतं, "आई, कोण हलवतंय?" आणि दक्षा म्हणाली होती, "कोणी नाही." "मग हललं कसं?" तिथे आकृती संपली. तीन वर्षांच्या मुलीला 'कोणी नाही' यापेक्षा भयंकर उत्तर दुसरं कुठलं असू शकेल, असं तिला त्या रात्रीपासून वाटत राहिलं होतं. कोणीतरी असायला हवं होतं. निदान काहीतरी, जे धरून ठेवतं.

तेव्हापासून ती रूपलला खाली उतरू देत नव्हती. म्हणजे तसं ठरवून नाही. पण भाजी आणताना, कपडे वाळत घालताना, देवासमोर दिवा लावताना पोर कडेवरच असे. तेरा किलोची पोर. डाव्या कमरेत कळ बसली होती. नविन म्हणे, "अगं, ती काय पाण्यात पडणारे का? जमीनच आहे ती." जमीनच आहे. हेच तर.

आणि तांदळाच्या डब्यामागे ती डबी होती. पितळेची, काजळाची, आईने लग्नात दिलेली. तिच्यात कापसात गुंडाळलेली रूपलची नाळ होती, सातव्या दिवशी गळून पडलेली, आता सुंठेच्या तुकड्यासारखी काळी, टणक. तीन वर्षं ती डबी तशीच राहिली, कारण पुरायची कुठे? खाली सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, कुंडीत पुरणं बरं दिसेना. आणि खरं सांगायचं तर या डबीच्या मागे आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे दक्षा सहसा जात नसे. रूपलच्या वेळी सिझर झालं. आई तलासरीहून आली होती, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत नवं कोरं मातीचं गाडगं. वार न्यायला, नाळेच्या दुसऱ्या टोकाची. वार घरी न्यायची, चुलीच्या बाजूच्या कोपऱ्यात पुरायची, वर निखारे ठेवायचे, मग त्या पोराला ती जमीन ओळखते, असं आईचं सगळं पिढीजात. दवाखान्याच्या पांढऱ्या पॅसेजमध्ये आई ते गाडगं मांडीवर घेऊन बसली होती. नर्सने आत येऊन विचारलं, "बाहेर तुमच्या आई मडकं घेऊन बसल्यात, त्यांना काय पाहिजे?" शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वळवून पाहिलं. दक्षा म्हणाली, "काही नाही. काही नको त्यांना." एवढंच. दोन सेकंदांची गोष्ट. संध्याकाळी आई रिकामं गाडगं घेऊन चारोटीच्या एसटीत बसली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पेले वाजले त्या रविवारी नविन गाडी काढणारच होता. गाडी सेकंडहँड, दसऱ्याला घेतलेली, आणि ती घेतल्यापासून त्याला आपला तालुका नव्याने सापडला होता. नविन किनाऱ्यावरच्या चिखल्याचा. समुद्र, वाडी आणि बँकेतली खुर्ची एवढ्यातच त्याचं आयुष्य गेलेलं. आता तो एका ग्रुपमध्ये होता, 'वारसा रविवार' नावाच्या. दर रविवारी एक ठिकाण बघायचं, फोटो टाकायचे. एका रविवारी डहाणूचा किल्ला झाला. एकदा बारडाचा डोंगर, जिथल्या गुहांमध्ये पारशांनी आपला अग्नी कित्येक वर्षं सांभाळून ठेवला होता म्हणतात. तिथे नविनने आत वाकून टॉर्च मारला होता. दक्षा बाहेरच उभी राहिली होती, रूपलला घेऊन, आणि विचार करत होती की घर सोडून निघालेल्या माणसांनी बाकी सगळं टाकून विस्तवच का उचलला असेल. आज नविन म्हणाला, "महालक्ष्मी करू, आणि मग तुझ्या पाड्यावर. तुमच्याकडचे ते लाकडी वीर आहेत ना? मुंबईच्या एकाने ग्रुपवर विचारलंय. आणि आईंनाही बघून येऊ, तुझा जीव राहील ठिकाणावर." दक्षाने भाताचा गॅस बंद केला. निघताना तिने डबी पर्समध्ये टाकली. नविनला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? ठरवलं होतं एवढंच की आज पुरून यायचं. आईच्या घरात, चुलीच्या कोपऱ्यात. माझी जिथे आहे, तिथेच.

आशागड मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कार्तिकातलं रान सुरू झालं. भात कापून झालेल्या खाचरांत पिवळी धसकटं, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या, गवताचे भारे बांधणाऱ्या बायका. सागाची पानं पडायला लागली होती. मोठी, जाळीदार, पडताना आवाज करणारी. ऊन मऊ होतं. एखाद्याने म्हटलं असतं, काय सुंदर! नविन म्हणतच होता. दक्षा मात्र प्रत्येक विजेच्या खांबाकडे, प्रत्येक पुलाच्या कठड्याकडे, तो किती सरळ आहे हे बघत होती. गेल्या पंधरा दिवसांत तिची नजर ओळंब्यासारखी झाली होती. रूपल मांडीवर. "मला मागं बसू दे ना," रूपल म्हणाली. "नको. इथंच बस."

चारोटीला नविनने चहासाठी गाडी थांबवली. हॉटेलच्या सिमेंटच्या भिंतीवर ऑइलपेंटने तारप्याचा नाच रंगवलेला होता, नाचणाऱ्यांच्या पायाखाली 'येथे थुंकू नये'. नविनने फोटो काढला. पलीकडे हायवेच्या कडेला एक टेम्पो भरत होता. हंडे, कळशा, गोधड्यांची बोचकी, झाकलेल्या टोपलीत कोंबड्या, दोन शेळ्या, आणि माणसं. बाया आधी पोरं वर द्यायच्या, मग स्वतः चढायच्या. दिवाळी झाली, भात झालं, आता विटांच्या भट्टीवर. दक्षाला हे सांगायला नको होतं. सहा वर्षांची असल्यापासून दर वर्षी तिचे आईबाप याच दिवसांत असेच जायचे, आणि ती आश्रमशाळेत राहायची. "ते पण पिकनिकला चाललेत?" रूपलने विचारलं. चहावाला हसला. "हां बेन, मोठी पिकनिक," तो म्हणाला, "छेक पावसाळ्यापर्यंत." दक्षाने ग्लास खाली ठेवला. टेम्पोवर एक बाई होती, पोट पुढे आलेलं. तिला वर घेताना खालून दोघांनी आधार दिला, आणि ती वर पोचल्यावर बोचक्यांमध्ये जागा करून, दोन्ही हात मागे टेकून बसली. दक्षाशी तिची नजरानजर झाली. बाईने आधी नजर काढली नाही. दक्षाने काढली.

महालक्ष्मीला रविवारची गर्दी होती. नविन मोबाइलवर वाचून दाखवत होता, कुठल्या राजाच्या काळापासूनची देवी, डोंगरावरच्या झेंड्याची गोष्ट. दक्षाने देवीपुढे रूपलचं डोकं टेकवलं. स्वतः टेकवताना तळवा फरशीवर जरा जास्त वेळ ठेवला. फरशी थंड होती. काही हलत नव्हतं. मनात तिने मागितलं तेही धड मागणं नव्हतं. 'हिला धरून ठेव' एवढंच, आणि आपण कोणाला सांगतोय हे तिला नीट माहीत नव्हतं. देवीला की फरशीला.

धुंदलवाडी गेल्यावर नविनचं बोलणं कमी झालं. इथे लोक अंगणात होते. घरांसमोर बांबू रोवून वर ताडपत्र्या टाकलेल्या, खाली बाजा, भांडी, शाळेची दप्तरं. घरं रिकामी आणि अंगणं भरलेली. तलासरीवरून ते उधव्याच्या रस्त्याला लागले. दूर गंभीरगड दिसत होता, निळा, एका बाजूला कललेला. लहानपणी आश्रमशाळेच्या खिडकीतून दक्षाला तो दिसायचा. रात्री रडू यायचं तेव्हा ती तो दिसतो का पाहायची, आणि दिसत नसे. पण तिच्याकडे दुसरी गोष्ट होती. भट्टीवर जायच्या आदल्या दिवशी आई तिला चुलीच्या कोपऱ्यात उभी करायची. सारवलेल्या जमिनीवर टाच आपटून दाखवायची आणि म्हणायची, "तुझी नाळ इथं हाये. ती धरून हाये तुला. तुला कसलं भ्या?" किती वर्षं दक्षा त्या वाक्याला धरून झोपली होती. परीक्षेच्या हॉलमध्ये, वसतिगृहात, बाळंतपणाच्या टेबलावर भूल चढताना. कोपरा डोळ्यांसमोर आणायचा, काळपट सारवण, कडेला राखेची रेघ. सगळं हललं तरी त्या दीड हात जागेत आपण पक्क्या आहोत.

आई, म्हणजे चिमी, खळ्यात नाचणी पाखडत होती. गाडी बघून तिने सूप खाली ठेवलं नाही, फक्त थांबवलं. "आलीस?" ती म्हणाली. "जावई, बसा. बाज हाये बाहेरच. आता काय, सगळा पाडाच बाहेर हाये, लगीन असल्यावानी." नविन वाकून पाया पडला. "भीती नाही वाटत, आई?" "वाटते तर! रोज वाटते." चिमीने बोटाने दाखवलं. शेजारी तिच्या दिराचं, हाल्याचं, योजनेतलं विटांचं घर होतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत भेग गेली होती, मनगट जाईल एवढी. आणि त्याला लागून चिमीचं जुनं घर, कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, थोडंसं वाकडं, जसं दक्षाच्या जन्मापासून होतं. "कूड पडत नाय," चिमी म्हणाली. "डोलतो. हाल्या मला हसायचा, पक्कं घर बांध म्हणायचा. आता तोच येतो माझ्या घरात भाकरी खायला." बाजेवर पडलेल्या हाल्याने डोळे न उघडता म्हटलं, "भाकरी बरी असते म्हणून येतो. घराचं काय न्हाय त्यात."

नविनला घेऊन हाल्या वीर दाखवायला गेला. पाड्याच्या टोकाला उंबराखाली ते उभे होते. सागाच्या फळ्या, कोरलेल्या, वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावरचा माणूस. मेलेल्यांना बसायला जागा. इतक्या लांबून दक्षाला नविन दिसत होता, गुडघ्यावर बसून, कॅमेरा तिरका धरून, एका फळीचा फोटो घेताना. ती नवी होती. दोन वर्षांपूर्वीची. तिच्यावरचा घोडेस्वार म्हणजे तिचे बाबा, चैत्या, ज्यांनी जन्मात घोड्याला हात लावला नव्हता, टेम्पोत मात्र वीस वर्षं चढले. नविनला ठाऊक होतं. तरी तो फोटो चांगला यावा म्हणून आडवी आलेली वाळकी फांदी बाजूला करत होता, आणि तिला त्याचा राग आला नाही. बाबांच्या अंगावरची फांदी कोणीतरी बाजूला करतंय, एवढंच वाटलं.

मग ती आईजवळ बसली. रूपल कडेवर तशीच. पर्समधून डबी काढून तिने सुपाशेजारी ठेवली. चिमीने ती ओळखली. आपलीच डबी. "काजळ संपलं?" "रूपलची नाळ आहे. इथं पुरायचीय मला. चुलीजवळ, माझी जिथे आहे तिथे." बोलताना तिचा आवाज चढला. "त्या दिवशी तू गाडगं घेऊन बसली होतीस. मी नर्सला म्हटलं, काही नको. मला... शेजारी बाया होत्या गं." चिमीने नाचणीत हात घातला, मूठ भरली, सोडली. परत भरली. "म्हायतेय मला," ती म्हणाली. "दार अर्धं उघडं होतं."

मग चिमी म्हणाली, सुपाकडे बघूनच, "तुझी नाळ इथं नाय, बाय."

दक्षाला वाटलं, पुन्हा पेले वाजले. पण इथे पेले नव्हते.

"भट्टीवर झालीस तू. वसईच्या अलीकडं, खाडीला. मला तिथंच आठवा लागलेला, बापूस म्हणाला, बाळंतपणाला घरी जाऊ. नाय झालं. शिमग्याच्या आधी झालीस, पहाटेचं, खोपीत. बापसानं नाळेसकट वार नेली आणि पुरली, कुठं पुरणार? आपली जागा कुठली तिथं? मातीच्या ढिगाच्या कडेला पुरली. वर दगड ठेवला खुणेला. पावसाच्या आधी ढीग संपला. ती माती बी गेली भट्टीत." चिमीने पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या तोंडावर जे होतं ते हसू होतं की नाही, सांगता आलं नसतं. "असशील कुणाच्या तरी भिंतीत."

"दाखल्यावर तर हाच पाडा आहे," दक्षा म्हणाली. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"ते मास्तरानं लिवलं."

"मग तू मला दर वर्षी... तिथं उभी करून..." दक्षाने घराच्या दाराकडे हात केला. आत अंधारात चूल दिसत होती, तिच्या बाजूचा कोपरा दिसत नव्हता. "टाच आपटून सांगायचीस."

"मग काय करायचं?" चिमीचा आवाज एकदम तुटला, रागावल्यासारखा. "सात महिने ठेवून जायचो तुला. सहा वर्षांचं पोर. पाय धरून रडायचीस. तुझ्याजवळ ठेवून जायला होतं काय आमच्यापाशी? पैसं नाय, आजी नाय. एक सांगणं ठेवून जायची मी." तिने सूप उचललं, दोनदा पाखडलं, कोंडा उडाला. "खरं नव्हतं म्हणून तुला धरलं नाय, असं झालं काय? शिकलीस. उभी राह्यलीस. फकस्त इथं राह्यली नाहीस. तेव्हा माझ्या मनात आलं, नातीची तरी आणू. म्हणून ते गाडगं."

दक्षाला रडू आलं नाही. तिला आपल्या पायांची जाणीव झाली. खळ्याच्या सारवणावर ठेवलेले दोन तळवे, सँडलमधले, आणि त्यांच्याखाली काही नाही. अठ्ठावीस वर्षं ज्या दीड हात जमिनीवर ती उभी होती, ती जमीन कधी नव्हतीच. तरी ती पडली नव्हती. हे कसं? सकाळचा तांदूळ, चारोटीची पोट पुढे आलेली बाई, मागे टेकलेले तिचे दोन हात, सगळं एकदम आत आलं आणि कुठे ठेवावं कळेना. त्या बाईचंही पोर कदाचित मातीच्या ढिगाकडेलाच. आणि मग तीही कोणत्या तरी कोपऱ्यात कोणाला तरी उभं करून सांगेल. तिने डबी उचलली. पितळ उन्हाने तापलं होतं. आता ही कुठे पुरायची? इथे पुरली तर जमीन रोज हलणारी. डहाणूला जमीनच नाही. वसईला...

तेवढ्यात आलं. आधी आवाज, बैलगाडी दगडावरून जावी तसा, पण खालून. मग एक ढकल. सुपातली नाचणी आपोआप सरकून एका बाजूला गेली. हाल्याच्या घरातून पत्रा खडखडला, भेगेतून पांढरी भुकटी भुरुभुरु पडली. पाड्यातले कुत्रे एकदम भुंकले आणि एकदम थांबले. चिमीचं कुडाचं घर खरंच डोललं. दक्षाने डोळ्यांनी पाहिलं, भिंत बाहेर आली, आत गेली, आणि परत आपल्या जुन्या वाकड्या जागी उभी राहिली. दूर नविन वीरांमधून धावत येताना दिसला. दक्षा केव्हा उभी राहिली ते तिला कळलंच नाही. एका हातात रूपल, दुसऱ्या मुठीत डबी, मूठ इतकी आवळलेली की झाकणाची कड तळव्यात रुतली होती.

थांबलं. रूपलने दोन्ही हातांनी तिचा गळा धरला होता. तिचं काळीज दक्षाच्या छातीवर वाजत होतं, भराभर. "आई," ती कुजबुजली, "कोण हलवतंय?"

चिमीने सूप हातात धरून ठेवलं होतं. ती दक्षाकडे बघत होती.

दक्षाने घराच्या दाराकडे पाहिलं. आत, अंधारात, चुलीजवळ.

"ते असू दे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही, मग आला. तो तिचा नव्हताच. "तुझी नाळ हाये ना इथं. त्या कोपऱ्यात. ती धरून हाये तुला. तुला कसलं भ्या?"

रूपलने मान वळवून दाराकडे पाहिलं. मग आजीकडे. आजीने मान हलवली, हो म्हणून. रूपल विचार करत होती. तिच्या कपाळावर नविनसारखी बारीक आठी पडली होती.

"मग मी खाली उतरू?"

दक्षाच्या कमरेतली कळ एकदम जाणवली, पंधरा दिवसांची. नविन धापा टाकत खळ्याशी येऊन पोचला होता. दक्षाने डबीवरची मूठ आणखी घट्ट केली, पाठीमागे नेली.

"उतर," ती म्हणाली.

पोर कडेवरून घसरली. आधी एक पाय टेकवला. मग दुसरा. आणि टाचेने जमीन दोनदा दाबून पाहिली.